घाटाच्या आधीची सपाटी

पुण्याहून पाचगणी साधारण १०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन २००. वाटेत आधी कात्रज, मग खंबाटकी, आणि वाई सोडली की पसरणीचा घाट. १०० किलोमीटरमागे हजार मीटरची चढाई भरत असेल तर रस्ता डोंगराळ समजावा, असा सायकलवाल्यांचा ढोबळ हिशेब आहे. हा रस्ता त्यात चपखल बसतो. रोज वीस-तीस किलोमीटर सायकल चालवणाऱ्याला पहिलं मोठं आव्हान म्हणून मी हाच रस्ता सुचवतो. ऐकणारा लगेच विचारतो, पसरणीसाठी पाय कसे तयार करायचे? प्रश्न रास्त आहे. पण पसरणी चढण्यापुरती ताकद दोन-तीन महिन्यांत बहुतेकांच्या पायांत येते. वाईला पोहोचेपर्यंत ती शिल्लक राहत नाही, ही खरी अडचण. डोंगराळ आणि लांब पल्ल्याची तयारी म्हणजे बव्हंशी ती शिल्लक ठेवण्याची तयारी, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यामागे साधं गणित आहे.

आधी मुदत समजून घेऊ. ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ’ ही १९०४ सालची पॅरिसची संस्था. तिच्या नियमांनुसार जगभर बीआरएम, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, होतात. सायकलवाले त्यांना नुसतं ‘ब्रेव्हे’ म्हणतात. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं मिळतात, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. भारतात ‘ऑडॅक्स इंडिया रँडोनिअर्स’च्या छत्राखाली हे चालतं. ही शर्यत नाही. पहिला-दुसरा कुणी नसतो, मुदतीत आलेल्या सगळ्यांची नोंद सारखी. रस्त्यात कुणी मदतीची गाडी घेऊन मागे यायचं नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं. सरासरी ताशी १५ किलोमीटर म्हणजे ऐकायला सोपं वाटतं, पण घड्याळ चहाच्या टपरीवरही चालूच असतं. १०० व्या किलोमीटरचा थांबा ६ तास ४० मिनिटांत गाठावा लागतो. सकाळी सहाला सुटलात तर पाचगणी १२ वाजून ४० मिनिटांच्या आत. म्हणजे पसरणी वाट्याला येते ती साडेदहा ते साडेबाराच्या उन्हात.

आता गणित. सायकलस्वार, सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि सामान मिळून ८० किलो धरू. सपाट रस्त्यावर, वारा नसताना ताशी २२ किलोमीटरने जायला साधारण ७० वॉट लागतात. ताशी २५ ने जायचं तर ९५ च्या पुढे. वेग जेमतेम १४ टक्क्यांनी वाढला आणि मेहनत तिसऱ्या हिश्शाहून जास्त. याचं कारण हवा. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर हवेपोटी आठपट शक्ती मोजावी लागते.

घाटात हिशेब पालटतो. वाई ते पाचगणी सुमारे १२ किलोमीटर, चढाई साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या जवळ. इथे ताशी १० किलोमीटरने चढायला १२५ वॉट लागतात, आणि त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसतं वजन वर उचलण्यात जातात. हवेचा वाटा नगण्य. सपाटीवर मेहनत कमी केली तर वेग थोडाच कमी होतो. घाटात ती जितकी घटते, जवळपास तितक्याच प्रमाणात वेगही घटतो.

यावरून काय निघतं ते पाहा. सुरुवातीच्या सपाटीतले ६० किलोमीटर एकाने ताशी २२ ने कापले, दुसऱ्याने २५ ने. दुसरा २० मिनिटं आधी वाईला पोहोचला. पण तोवर पाय भरून आले, आणि पसरणीत त्याच्याकडून १२५ च्या जागी ९५ वॉटच निघू लागले. त्याचा वेग ताशी पावणेआठवर उतरतो आणि घाटाला ७२ ऐवजी ९३ मिनिटं लागतात. कमावलेली २० मिनिटं तिथेच गेली. अजून निम्मा रस्ता बाकी आहे आणि हा माणूस आता रिकामा झालेला आहे. पहिला मात्र पाचगणीला खाऊनपिऊन ताजा. दरवर्षी मी हे दोघे बघतो, आणि सकाळी सातला त्यांच्यात फरक ओळखणं अवघड नसतं. दुसऱ्याचा श्वास कात्रजलाच तोंडाने चाललेला असतो.

म्हणून पहिला सराव हा, की सुरुवातीला गर्दीमागे न लागता आपल्या चालीने जाता येणं. ऐकायला हे किरकोळ वाटेल. सकाळची गार हवा, ताजे पाय, सभोवती शंभर सायकली, अशा वेळी मागे राहणं फार कठीण जातं. सरावातही ते मुद्दाम करावं लागतं. चार जणांबरोबर निघा, त्यांना पुढे जाऊ द्या, आणि शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये कोण कुठे आहे ते बघा.

चाल मोजायला महागडा पॉवरमीटर असला तर उत्तमच, नसला तरी काही अडत नाही. बोलून बघा. पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत असेल तर शरीर बऱ्यापैकी चरबी जाळत आहे. दोन-तीन शब्दांवर धाप लागत असेल तर भार साखरेवर, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनवर गेला आहे. चरबीचा साठा बारीक माणसाकडेही कित्येक दिवस पुरेल एवढा असतो. ग्लायकोजेन मात्र चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे फार तर दोन हजार किलोकॅलरींचा. दमछाक होईल अशा चालीत तो दोनेक तासांत तळाला जातो. मग जे होतं त्याला सायकलवाले ‘बाँक’ म्हणतात: पायांत त्राण उरत नाही, हात थरथरतात, विनाकारण रडू येतं किंवा चिडचिड होते, कारण मेंदूलाही साखर पुरत नसते. एकदा तिथे पोहोचल्यावर खाऊन सावरायला बराच वेळ लागतो.

दोन-तीन महिन्यांचा सराव नेमकं काय बदलतो? हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींतली ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात, आणि तीच चाल ठेवायला साखर कमी व चरबी जास्त वापरली जाऊ लागते. हे बदल संथ, लांब फेऱ्यांनी होतात. स्टीफन सायलर या नॉर्वेत काम करणाऱ्या अमेरिकी संशोधकाने दमाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा दिसलं की त्यांच्या सरावातला सुमारे ८० टक्के भाग अगदी आरामाच्या चालीत असतो आणि उरलेला खरोखर जोराचा. आपल्याकडचे हौशी सायकलस्वार बहुधा याच्या मधोमध अडकतात. रोजच अर्धवट दमतात, ना संथ ना जोरात.

नोकरी करणाऱ्या माणसाला आठवड्यात तीन-चार फेऱ्या पुरतात. मधल्या वारी एक दिवस जोराचा: अंग चांगलं गरम झाल्यावर पाच ते आठ मिनिटं चढावर नेटाने, मग तितकाच वेळ हलकं, असं चार वेळा. दुसऱ्या दिवशी तासभर निवांत. रविवारी लांब फेरी. ती ६० किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला दहा-पंधरा टक्क्यांनी वाढवत १५० पर्यंत न्यायची, आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायची. सरावात २०० पूर्ण करण्याची गरज नसते. शनिवारी ७० आणि लगेच रविवारी १००, तेही थकलेल्या पायांनी, असं एक-दोनदा केलं की शेवटच्या ५० किलोमीटरची कल्पना येते. आव्हानाच्या आधीच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणा, पण अधूनमधून पाच मिनिटं जोर लावत राहा, म्हणजे पाय जड पडत नाहीत. त्या आठवड्यात सरावाने नवी ताकद येत नाही; पुरेशी झोप घेतली तर जुनी मात्र वर येते.

पुणेकरांना चढाच्या सरावासाठी सिंहगड आहे. पायथ्यापासून गाडीतळापर्यंत सात-आठ टक्क्यांचा चढ, मध्ये मध्ये त्याहून खडा. सिंहगड न उतरता चढता आला की पसरणी मऊ वाटते. मुंबईकरांना बोरघाट आहे. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत तो सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. पण सोलापूर, नागपूर, लातूरकडच्या लोकांनी काय करायचं? त्यांच्याकडे वारा आहे. समोरच्या वाऱ्यात तास-दीड तास एका चालीत पेडल मारणं हा पायांसाठी जवळपास घाटाचाच सराव ठरतो: जोर सतत लागतो आणि मध्ये पाय सोडून बसता येत नाही. उड्डाणपुलाच्या फेऱ्याही चालतात. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची, रॉकी पर्वत ओलांडून जाणारी शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती पूर्ण केली, आणि त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघाने. घराजवळ डोंगर नाही ही सबब नागपुरात तरी आता चालत नाही.

सह्याद्रीच्या घाटांचा स्वभावही ओळखून ठेवावा. लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला हा प्रदेश पायऱ्यापायऱ्यांचा आहे. बराच वेळ सपाटी, आणि मग एकदम भिंत. देशावरून पाचगणीला जाताना ही भिंत मध्यम आहे, कारण पुणेच मुळात साडेपाचशे मीटर उंचीवर आणि वाई सातशेच्या वर. कोकणातून चढायचं म्हटलं की खरी कसोटी. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचं तर ४० किलोमीटरच्या आत सुमारे १,३०० मीटर चढावं लागतं, तेही दमट हवेत. पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नये. पावसाळ्यात तर दरडींमुळे तो रस्ता बंदही पडतो.

याच्या उलट फ्रान्समधली ‘पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस’. १८९१ साली सुरू झालेली, आता दर चार वर्षांनी होणारी, १,२०० किलोमीटर आणि ९० तासांची ही फेरी म्हणजे ब्रेव्हे करणाऱ्यांची पंढरी. भारतातून शेकडो जण जातात. त्या रस्त्यावरची सर्वांत उंच टेकडी, ब्रिटनीतली रोक ट्रेव्हझेल, ४०० मीटरचीही नाही. तरी एकूण चढाई अकरा-बारा हजार मीटर भरते, कारण छोटे चढ-उतार संपतच नाहीत. आपल्याकडच्या घाटात तासभर एका लयीत चढता येतं; तिथे दर दहा मिनिटांनी लय मोडते. घाट पक्के असलेल्या महाराष्ट्रातल्या सायकलस्वारांनाही म्हणून तिथल्या टेकड्यांचा वेगळा सराव करावा लागतो.

पसरणीसारख्या घाटांचा एक दिलासा म्हणजे त्यांना मर्यादा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार डोंगराळ भागातल्या हमरस्त्याचा नेहमीचा चढ पाच टक्क्यांपर्यंत ठेवायचा असतो, अडचणीच्या जागी सहा, अगदीच नाइलाज असेल तर सात. जुन्या घाटांत याहून खडे तुकडे सापडतात, पण एकंदर आखणी याच सुमाराची. गडांवर आणि वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या रस्त्यांना असा धरबंध नसतो, म्हणून तेच अंतर तिथे दुप्पट वाटतं. आणखी एक बारकावा. चिमट्यासारख्या वळणावर रस्त्याची आतली कड सर्वांत खडी असते आणि बाहेरची सर्वांत सौम्य, कारण उंची तेवढीच पण बाहेरून अंतर जास्त. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या वळणावर नेमकी खडी बाजू आपल्या वाट्याला येते. अशा वळणाच्या दहा-पंधरा मीटर आधीच गिअर हलका करून ठेवायचा. वळणात शिरल्यावर, पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलायला गेलं तर चेन करकरते, कधी उतरते, आणि चढावर थांबलेली सायकल पुन्हा सुरू करणं हा वेगळाच व्याप.

गिअरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दुकानात यावर फार कमी बोलणं होतं. पुढच्या चकतीला ३४ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला ३२ असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच्या आसपास जाते. ताशी १० किलोमीटरला मिनिटाला ७५ फेरे पडतात, जे गुडघ्यांना मानवतं. जुन्या शर्यतीच्या सायकलींवर ३९ आणि २५ अशी जोडी असते. तिच्यावर त्याच वेगाला ५१ फेरे, आणि थकून वेग ताशी ७ वर आला की अवघे ३६. शक्ती तेवढीच, पण प्रत्येक फेऱ्यात पायाला दीडपट जोराने दाबावं लागतं. हा जोर गुडघ्याच्या वाटीवर येतो, आणि तोही तासभर. म्हणून पहिल्या घाटाआधी पैसे खर्च करायचेच असतील तर ते मागच्या कॅसेटवर करावेत. ३२ किंवा ३४ दात्यांची चकती आपल्या डिरेलरला चालते का ते मेकॅनिककडून बघून घ्यावं. हायब्रिड किंवा एमटीबी असेल तर बहुधा हलके गिअर आधीच असतात.

वजनाचं काय? सायकल एक किलोने हलकी केली तर पसरणीत पाऊण ते एक मिनिट वाचतं. त्या एका किलोसाठी मोजावी लागणारी रक्कम बघता मला हा सौदा पटत नाही. आणि वजन वाचवायला एक बाटली किंवा सुटी ट्यूब घरी ठेवणाऱ्याला मी हात जोडून थांबवेन.

सीटची उंची मात्र फुकट असते. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर न कलता. मग पाऊल नेहमीसारखं ठेवलं की गुडघ्यात हवा तेवढा हलका बाक उरतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. बदल एका वेळी तीन-चार मिलिमीटरचाच करायचा आणि आठवडाभर बघायचं. आव्हानाच्या आदल्या दिवशी सीट, बूट, चड्डी यांतलं काहीही नवं नको.

खाण्याचा हिशेबही वॉटवरूनच निघतो. शरीराने जाळलेल्या ऊर्जेतली जेमतेम २०–२५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचते. आणि एक किलोकॅलरी चारेक किलोज्यूलची असते. या योगायोगामुळे पेडलवर केलेलं काम जितके किलोज्यूल, जवळपास तितक्याच किलोकॅलरी शरीरातून खर्च होतात. ११ तास सरासरी ११० वॉट म्हणजे चार हजारांहून थोड्या जास्त किलोकॅलरी. आरामाच्या चालीत यातल्या निम्म्या चरबीतून येतील. उरलेल्यांसाठी दर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मोठ्या केळ्यात २५-३० ग्रॅम असतात. पाऊण लिटर पाण्यात तीन मोठे चमचे साखर, लिंबू आणि पाव चमचा मीठ घातलं की आणखी ३५ झाले. तासाचा कोटा पूर्ण. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिक्की, गुळपोळीचे तुकडे हे सगळं खिशात राहतं आणि एका हाताने खाता येतं. शहरात पाकिटातल्या जेलचं फार कौतुक आहे. ती वाईट नाहीत, पण त्यांच्यावाचून अडत नाही. महामार्गावरची तर्रीदार मिसळ मात्र परत आल्यावर. तेल पोटातून लवकर पुढे सरकत नाही, आणि घाटात रक्त पायांकडे धावत असताना पोट ते काम आणखी हळू करतं.

खायचं ते घड्याळाकडे बघून. पहिल्या अर्ध्या तासापासून, दर वीस मिनिटांनी दोन घास. भूक लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. आणि पोटालाही सराव लागतो: रविवारच्या फेऱ्यांत रिकाम्या पोटी ऐंशी किलोमीटर मारणाऱ्याला त्या दिवशी अचानक तासाला ६० ग्रॅम झेपत नाहीत.

पाण्यासाठी एकच आकडा सांगता येत नाही. घाम तासाला अर्ध्या लिटरपासून दीड लिटरपर्यंत जातो. १२५ वॉट पेडलवर देताना शरीरात त्याच्या तिप्पट उष्णता तयार होते. सपाटीवर वारा ती घेऊन जातो. घाटात ताशी १० च्या वेगाला वारा लागतच नाही, म्हणून चढावर घामाच्या धारा. साधं पाणी खूप प्यायलं आणि मीठ मिळालं नाही तर रक्तातलं सोडियम खाली जातं: डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात. ही अवस्था धोक्याची आहे, आणि तिच्यात आणखी पाणी पाजणं घातक ठरू शकतं. जलसंजीवनीची दोन-तीन पाकिटं जवळ असू द्यावीत. ताक आणि मीठ घातलेलं लिंबू सरबत वाटेत कुठेही मिळतं. उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, त्यामुळे सगळा सराव पहाटे उरकणाऱ्यांनी शेवटच्या पंधरवड्यात काही फेऱ्या साडेनऊ-दहाच्या उन्हातही कराव्यात.

चढाइतकीच उताराची तयारी हवी, आणि याबद्दल फारच कमी बोललं जातं. ८० किलोचा भार साडेपाचशे मीटर खाली येताना जी ऊर्जा सोडतो, तिच्यात सव्वा लिटर पाणी उकळेल. काही हवा घेते, बाकी सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. रिम ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. सरळ पट्ट्यात थोडा वेळ नेटाने दाबायचे, मग सोडायचे, दोन्ही ब्रेक मिळून. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर ब्रेक सोडलेले, बाहेरचा पाय खाली आणि त्यावर भार, नजर वळण जिथे सुटतं तिथे. वेग २० वरून ४० झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. पसरणीत उतारावर समोरून एसटी येते, पर्यटकांच्या गाड्या वळणावर उजवीकडे सरकतात, कुठे कुठे वाळू पसरलेली असते. ताशी तीसच्या आत उतरलं तर फार तर दहा मिनिटं जातील. ती जाऊ द्यावीत. परतीला खंबाटकीचा बोगदा लागतो. तिथे मागचा लाल दिवा चालू, अंगात चमकणारं जॅकेट, आणि डाव्या कडेने सरळ रेषेत. बीआरएममध्ये दिवे आणि जॅकेट अंधारासाठी सक्तीचे असतात, पण बोगद्यात दुपारी तीनलाही अंधारच असतो.

पंक्चर काढायला यूट्यूब बघून शिकता येतं, पण घरी पाच-सहा वेळा हाताने काढून बघितल्याशिवाय रस्त्यात जमत नाही. आपल्या महामार्गांवर बहुतेक पंक्चर काचेने होत नाहीत. ट्रकची टायरं फुटून त्यांतल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे कडेला पडलेले असतात, ते टायरमध्ये घुसतात. घाईत नवी ट्यूब टाकली आणि तार आतच राहिली तर दोन किलोमीटरवर पुन्हा हवा जाते. म्हणून टायर एका बाजूने उतरवल्यावर आतून बोट हळूहळू पूर्ण गोल फिरवायचं. कुठेतरी बारीक टोचतं. बाहेरून त्या जागी काही दिसत नाही, पण टायर तिथे दुमडला की चकाकणारं टोक वर येतं. नखाने ते निघत नाही, भुवयांचा चिमटा लागतो. दोन ट्यूब, पॅचेस, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, ॲलन कीचा संच, आणि हा चिमटा. निघण्यापूर्वी ब्रेकपॅड किती उरलेत ते बघायचं आणि चेन पुसून तेल द्यायचं. बस्स, एवढंच.

प्रत्यक्ष त्या दिवशी वाईला पोहोचल्यावर पंधरा मिनिटं थांबा. बाटल्या भरा, तोंडावर आणि मानेवर पाणी मारा, काहीतरी खाऊन घ्या. घाटाचे पहिले दोन किलोमीटर सर्वांत हलक्या गिअरवर, जमेल त्याहून सावकाश चढा. शरीराला नव्या भाराशी जुळायला तेवढा वेळ लागतो. मग एक लय सापडते, त्या लयीत श्वास आणि पेडल मिळून चालतात. एकदा ती मिळाली की ती सोडायची नाही. कुणी मागून पुढे गेलं तरी नाही. धोम धरणाचं पाणी उजव्या हाताला खाली जाऊ लागतं, अधूनमधून एखादा झाडाखालचा सावलीचा तुकडा येतो. थांबावंसं वाटलं तर थांबावं, त्यात कमीपणा काही नाही, पण बसू नये. दोन मिनिटं उभं राहून पाणी प्यायचं आणि सपाटशा जागी पुन्हा पेडलवर चढायचं. पायात वांब आला तर तो स्नायू ताणून धरायचा आणि पुढची दहा मिनिटं गिअर आणखी हलका.

काही लक्षणं दिसली की मात्र पुढे जायचंच नाही. उन्हात घाम आटला, अंगावर काटा येऊन थंडी वाजू लागली, बरोबरच्याने विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर सुचेना, छातीत दाब आला, तर सावलीत आडवं व्हायचं, बरोबरच्याने अंग ओलं करून वारा घालायचा आणि दवाखान्याची सोय बघायची. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून हृदयाची तपासणी करून घ्यावी. पंचवीस किलोमीटरवर न दिसणारी गोष्ट दीडशेवर दिसते. नुसतं थकून मुदत हुकली असेल तर आयोजकांना फोन करून कळवायचं, म्हणजे ते शोधत बसत नाहीत, आणि वाईहून पुण्याची गाडी धरायची. बीआरएमचा मोसम १ नोव्हेंबरला सुरू होऊन पुढच्या ३१ ऑक्टोबरला संपतो, त्यामुळे दोनशेची पुढची तारीख मिळायला फार थांबावं लागत नाही.